आटे बसले, पण पिन कुठाय?

सांगा बरं, केबल घेताना भरवसा कुणावर ठेवायचा? दुकानदारावर, पाकिटावरच्या छापावर, की आपल्या डोळ्यांवर?

सेनगावकडच्या एका तांड्यावरच्या सुनीताताई आमच्या हिंगोलीच्या दुकानात आल्या, इंटरनेटचा रेडिओ अन् त्याची केबल पिशवीत घेऊनच. म्हाताऱ्यांना निराधारच्या पगाराचा अंगठा द्यायला जीपनं तालुक्याला जावं लागू नये, म्हणून त्यांनी तांड्यावर ऑनलाईन सेंटर काढलं होतं. इंटरनेटसाठी टॉवरवरून बिनतारी रेडिओ लिंक घेतली, रेडिओ अन् अँटेना केबलनं जोडले, पण सिग्नलच येईना.

"भाऊ, जोड तर बराबर आवळलाय."

"आटे बसले?"

"गच्च!"

"आत पिन पाहिली का?"

"आटे बसल्यावर आत काहून पाहायचं?"

मी रेडिओचं तोंड आणि त्यांच्या केबलचं तोंड शेजारी धरलं. आटे एकमेकांचे, पण मधोमध दोन्हीकडं नुसतं भोक.

ताई म्हणाल्या, "म्हणजे मांडव सजला, अन् नवरदेवच न्हाई!"

मी पिनवाली केबल काढली, तर म्हणाल्या, "जरा लांब द्या, असू द्या जास्तीची."

"न्हाई ताई. या रेडिओला जास्तीची केबल सिग्नल खाते. पुरेल तेवढीच न्या."

संध्याकाळी फोन आला. "भाऊ, चालू झालं! पहिला अंगठा सासूबाईचाच लावला. म्हातारी म्हणून राहिली, आता जीपवाल्याला कोण विचारतं!"

तर मंडळी, तुमी लिंक बसवाल तेव्हा कोणत्या जोडानं, किती केबलनं किती सिग्नल खाल्ला, ते हिशोबात खरं खरं मांडा. स्वस्तात मिळाली म्हणून त्या हिशोबात केबलला सूट देऊ नका.