गालोबाचं अंथरूण

हॅलो?

हो, मीच. … कोण, चिमणी का? … अगं, रडत रडत बोललीस तर आजोबांना नुसतं नाकच ऐकू येतंय. आधी डोळे पूस. पुसलेस? … हां. आता सांग.

शिंकतोय? कोण, गालोबा? … म्हणजे हॅमस्टर शिंकतोय आणि रडतेयस तू. … बरं, बरं, नाही हसत. कधीपासून? … काल शाळेतून आलीस तेव्हापासून. … नाक ओलं आहे का त्याचं? … कोरडं. श्वास घेताना घरघर, टकटक असं काही? पेटीच्या काचेला कान लावून ऐक. मी थांबतो.

… नाही? छान. पण सकाळी प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवायचंच. … हो, शिंक एवढीशी असली तरी. त्याचं नाकही एवढंसंच आहे ना.

आईला सांगितलंस? … का नाही? … हळू का बोलतेयस? कुठे आहेस तू? … कपाटामागे, पेटीसकट. वा.

… काय म्हणाली आई? … रविवारपर्यंत खोलीतला वास गेला नाही, तर गालोबा दुकानात परत. … हो, ती बोलली की करते, मला माहीत आहे. नाक लहानपणापासून तसंच तिचं. दूध उतू जायच्या आधी शेजारच्या खोलीतून सांगायची. त्यात आता लॉन्ड्री. दिवसभर खाली दुकानात लोकांच्या कपड्यांतला घाम काढायचा, डाग काढायचे, आणि संध्याकाळी वर घरी यावं तर… हो ना. गालोबा.

मग तू काय केलंस? … रोज? रोज सगळी पेटी धुतलीस? साबणाने? … आणि आतला भुसा? … सगळा फेकलास. … अगं, रागावलो नाही, विचारतोय. एवढी मेहनत तू पाढ्यांवर घेतलेली मी कधी पाहिली नाही, म्हणून.

आणि वास गेला? … उलट वाढला? … थांब, हे फार गमतीचं आहे. याचं आपण मागाहून बघू, मी विसरलो तर आठवण कर. आधी सांग, आत्ता पेटीत काय आहे? त्याच्या अंगाखाली?

… लव? कसली लव? … ड्रायरच्या जाळीवरची?

अच्छा… अच्छा. कपडे सुकले की जाळीवर तो मऊ थर साचतो, तो. … ढगासारखा, हो, पाहिलाय मी. आणि कपड्यांना घालतात त्या सुगंधी पाण्याचा वासही असतो त्याला. … फुलांचा. … म्हणजे आईला कळणारही नाही. … नाही गं, वेडी कशाला? हुशारच आहेस. दुसऱ्या कुणाच्या पोरीला हे सुचलंच नसतं, त्यांच्या घरी असले ढग येणार कुठून?

आता असं करू. मी काही सांगणार नाही, तूच मला सांगायचं. थोडी लव हातात घे. … घेतलीस? नाकाशी धर आणि जोरात हुंग. … आणखी एकदा. … आणखी… शतायुषी हो! … मला कसं ठाऊक असणार शिंक येईल ते? मी इथे, तू तिथे. … बरं, तुझं नाक केवढं? आणि गालोबाचं? तू हुंगलंस आणि हात खाली केलास. तो कुठे जाईल? … त्यातच झोपतो. हं. … बघ, तुझं तुलाच कळलं.

आता तीच लव दोन्ही हातांनी ओढ. … कागद कसा टरकन फाटतो, तशी फाटते? … लांबतच जाते. मध्ये काय दिसतंय? … धागे. आणि? … केस. हो, शी! कुणाच्या कोटाचे, कुणाच्या मोज्याचे, कोण जाणे. आता सांग, गालोबा ते गालात कोंबतो का? … कोंबतो. त्याला आपण गालोबा म्हणतो ते उगीच नाही. गालातलं कधीतरी पोटात जाणार, आणि धागा काही पोटात विरत नाही, अडकून बसतो. … मऊ आहे ना ते, म्हणून वाटतं चांगलंच असेल. तुलाच नाही, सगळ्यांनाच वाटतं.

… आणि पायात गुंतला तर? … मला काय माहीत, बघ ना त्याच्या पायांकडे. बी दाखव एखादी, येईल पुढे. … आला? … मागचा एक उचलून धरतोय?

चिमणे, ऐक. ओढू नकोस! हात मागे घे. … घेतलास? … ओढलं की आणखी आवळतो तो. नुसतं बघून सांग, पायाचा रंग कसा आहे? … गुलाबी. जरासा फुगलाय. निळा-काळा नाही ना? … नाही. ठीक आहे. जा, आईला बोलाव.

… मला माहीत आहे ती काय म्हणेल. … अगं ऐक ना… ऐक. … रविवारची वाटही न बघता आजच परत देईल म्हणतेस, कबूल. पण त्याचा पाय रविवारपर्यंत थांबणार आहे का? … तुला येईल तो धागा काढता? … नाही ना? मग. तुझ्या आईला येतो. रेशमी कापडात रुतलेला धागा कापडाला कळूही न देता काढते ती. … हो, ओरडेल. ओरडली तर ओरडू दे, कान काही गळून पडत नाहीत. फोन ठेवू नकोस, तिथेच टेबलावर असू दे. पळ.

…

…

हॅलो? … हां, मी बोलतोय, बाबा. … ते सगळं नंतर. इस्त्री बंद करून आलीस ना? … मग आधी पाय बघ त्याचा. … दिसला? … पोरीवर मागाहून ओरड. माझ्यावर ओरड हवं तर, मी लांब आहे.

टॉवेल नको गं, त्याला धाग्यांचे फासे असतात, नखं अडकतील. साधा सुती रुमाल घे. … गुंडाळ, तोंड उघडं राहू दे, फक्त तो पाय बाहेर. … चिमणीला धरू दे. … धरेल ती. तिचा आहे तो. … धागे काढायची बारीक कात्री आहे ना तुझी? … तीच. बोथट बाजू कातडीकडे. … दिवा ओढ जवळ.

मी आता बोलत नाही.

…

…

हॅलो?

…

निघाला? … सगळा? … पायाला वेढा घेतला होता म्हणजे चांगलाच. रक्त? … नाही. बोटं हलवतोय. … हुश्श. … सूज उतरते का ते बघत राहा. रंग बदलला तर सकाळची वाट बघू नका, उठा आणि डॉक्टर गाठा. … हो.

… हलका आहे ना? … तू आजवर हातात घेतलाच नव्हतास का त्याला? … हं. हातात घेतल्याशिवाय कळत नाही. सगळा मिळून काळजाचा एक ठोकाच असतो तो.

हां, आता बोल. … वास. मान्य. येतो वास. पण तो वाढला का, ते ऐक. पोरीने रोज सगळी पेटी धुतली. … रोज. तू खाली दुकानात असताना. … तू रविवारचं म्हणालीस म्हणून. … तुला ठाऊकच नव्हतं? … हं.

अगं, त्याला डोळ्यांनी धड दिसत नाही. त्याचं घर म्हणजे त्याचा वास. तो कुणी पुसून टाकला, की पुन्हा पहिल्यापासून ओलं करत सुटतो सगळीकडे. हा कोपरा माझा, तोही माझा. पोर धुतेय आणि तो खुणा करतोय, दोघंही दमली बिचारी. … ओला कोपरा तेवढा रोज काढायचा. बाकीचं अधूनमधून बदलायचं, आणि तेव्हाही जुन्यातलं मूठभर परत आत ठेवायचं. … हो, कळकट वाटतं ऐकायला. पण त्याने वास कमी होतो.

… तुझं चुकलं असं कुठे म्हणालो मी? तुझं कामच आहे ते, आणि चोख करतेस. … नाही, मी वेगळंच म्हणत होतो. तुला तुझ्या आईची निळी शाल आठवते? … ती गेल्यावर तू मागत होतीस माझ्याकडे. धुवून, इस्त्री करून, पिशवीत घालून देते म्हणालीस. बाबा, कुबट वास येतोय तिला, म्हणालीस. … आणि मी दिली नाही. … हो, तेच. तीच शाल.

…



… नाही गं. तेव्हाही नव्हतो रागावलो. … नको, त्याचं काही नाही आता. सहज आठवलं.

… काय? … त्याच्या अंगाखाली घालायला? कसला कागद? … सदऱ्यांच्या घडीत घालतेस तो पांढरा? … त्यावर छापलेलं काही? … सुगंध? … थेंबभर पाणी टाक बरं त्यावर. … लगेच शोषलं? मग दुधात साखर! मी दुनियाभरचा विचार करतोय आणि गठ्ठा तुझ्याच फडताळात. … दे तिला. आणि फोनही दे.

हां, चिमणे. … ऐकलं मी सगळं. … आई स्वतः कागद फाडतेय? … बोटभर पट्ट्या कर म्हणावं, फार लांब नकोत. आणि चुरगाळून टाका, म्हणजे आत पोकळी राहते. … तेवढ्याने काय होतंय? वीतभर उंच थर हवा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे माणसांचं झालं, त्याला अंथरुणात बोगदे खणायचे असतात.

… पुढे भुसा आणलात तरी चालेल. पण ज्या लाकडाला छान वास येतो ना, देवदार, चीड, ते नको. आपल्याला सुवास, त्याच्या छातीला त्रास. … धूळ? मूठभर उचल, उन्हाच्या तिरिपेत वरून खाली सोड. धुरळा उडाला तर पिशवी परत. … आणि कापूस? आता तूच सांग. … का नको? … शाबास. धागे.

बरं, जुना भुसा अगदी सगळाच गेला का? … आठव. ते लाकडी खोपटं त्याचं, ते धुतलंस? … हात आत जात नव्हता! नशीब आपलं. बघ कोपऱ्यात. … भुसा, बिया आणि काय? … तुझ्या केसांचं रबर? चोर लेकाचा! रबर काढून घे, चावेल तो. बाकी काही हलवू नकोस. आहे तसं खोपटं कागदावर ठेव.

… आई काय करतेय? … पेटीत वाकून हुंगतेय? … मग? नाक मुरडलं? … मुरडलं. … काय म्हणाली, नीट सांग, तिचेच शब्द. … "रविवारचं नंतर बघू." … अगं, रडतेयस काय? तुझ्या बाबांशी लग्न करायचं की नाही, तेव्हाही ती "बघू"च म्हणाली होती!

… काय विचारतेय ती? … शाल? … आहे म्हणावं. पलंगावरच असते. … नाही, तिच्या आईचा वास केव्हाच उडाला. मीच पांघरतो ना, आता माझाच येतो. … सांग तिला, रविवारी या दोघी, आणि घेऊन जा. धुवायला. … हो, धुवायला. … किंवा नुसतीच.

… गालोबा कुठे गेला? … दिसत नाही? … कागद हलतोय ना, मग आहे. … फोन धर बरं पेटीजवळ. … अजून. … काचेला टेकव.

…

हां. … येतंय ऐकू. … खणतोय.

… बोलू नका दोघी. ऐकू द्या जरा.

…

… नको, नको, बंद करू नकोस. तिथेच असू दे. तुम्ही जेवून घ्या. … मी ठेवतो थोड्या वेळाने.