एका पायासाठी लेथ

...आणि लेथच्या, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्राच्या, खोक्यावर छापलंय काय, तर 'संपूर्ण संच'! अहो, तुम्हाला सांगतो, त्या संपूर्ण संचात स्टँड नाही, पट्टा सैल, आणि पटाश्या अशा, की लोणीसुद्धा कापलं जाणार नाही! पण स्वस्त होता ना... जेवणाच्या टेबलाचा एक पाय मोडला, बायको म्हणाली, "सुताराला बोलवा." मी म्हटलं, "सुतार कशाला? लेथ घेतो, पाय मीच कातून देतो!" बोलून बसलो. आता मागे हटायचं? नाव काढू नका!

बायकोनं कंबरेवर हात ठेवले, "रविवारी आई-बाबा जेवायला येतायत. तोवर पाय झाला नाही, तर हे लेथचं धूड भंगारात!"

पहिल्या दिवशी लेथ जमिनीवर ठेवून बटण दाबलं... लाकूड राहिलं बाजूला, लेथच थरथरत दारापर्यंत गेला! मग धावलो गल्लीच्या टोकाला. तिथे एक म्हातारे कातारी बसतात, उभा जन्म लाकूड कातण्यात गेलेला. मान वर न करता म्हणाले, "जड वस्तूवर आवळा त्याला. आणि पटाशीला धार करा आधी. बोथट पटाशी लाकूड कातत नाही, ओरबाडते."

आता आमच्या घरात जड काय? विचार करकरून डोकं शिणलं... आणि एकदम सुचलं. जेवणाचं टेबल! तेच हो, तीन पायांचं, चौथ्या कोपऱ्याखाली विटा! चार भोकं पाडली, चार बोल्ट आवळले. "अहो, टेबलाला भोकं?" "तात्पुरती गं!"

पहिला ठोकळा उडाला तो थेट फ्रिजवर. दुसरा मधेच इतका बारीक झाला, की मोडला. तिसरा, चौथा... विचारू नका. मोटर अशी नाजूक, की जरा पटाशी टेकवली की रुसून बंद! धार करा, काता, परत धार करा. भुसा केसांत, चहात, उशीत! पण मागे हटायचं? नाव काढू नका!

शनिवारी पाचवा ठोकळा लावला. श्वास रोखून पटाशी टेकवली, आणि काय सांगू, लांबच लांब साली निघायला लागल्या! संध्याकाळी हुबेहूब पाय तयार. विटा काढल्या, पाय बसवला, टेबल जागचं हलेना. बायकोनं पायावरून हात फिरवला, "अगंबाई, जमलं की हो तुम्हाला!" डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या...

"आता हे उतरवा, टेबल पुसून घेते."

पाना लावला. बोल्टही संचातलेच! एकाचं डोकं झिजून गोल, दुसऱ्याचे आटे गेलेले, नट नुसता जागच्या जागी फिरतोय... एक बोल्ट निघेल तर शपथ!

रविवारी सासरे अलीकडे, सासूबाई पलीकडे, मधे लेथ. सासऱ्यांनी वाकून चारही पाय निरखले. "नवा कुठला?" ओळखताच येईना त्यांना! म्हटलं, जिंकलो! तर लेकीकडे वळून म्हणतात कसे, "जावईबापूंचा हात चांगला आहे हो. आता जेवायला एक टेबलही करून घे त्यांच्याकडून."

म्हणजे आणखी चार पाय! मागे हटायचं... नाव काढू नका. तोवर आम्ही जेवतोय खाली बसून, आणि लेथ वर टेबलावर. पण टेबल काय घट्ट उभं आहे हो!