गिऱ्हाइकांच्या वायफायला मी न लावलेलं कुलूप

मी, यू चिंग-फा, वय ५२ वर्षे, धंदा वायफायची यंत्रं बसवणं व दुरुस्ती, राहणार गल्ली क्रमांक १४, पूर्व विभाग, ताइनान, तैवान, आज १३ मार्च, प्रजासत्ताक वर्ष ११४ (सन २०२५), सकाळी साडेनऊ वाजता आपण होऊन चौकीत हजर राहून सांगतो की, परवा मंगळवारी मी दिलेला जबाब खोटा होता. तो बाजूला ठेवून हा घ्यावा.

श्रीमती स्याओ यांचं आमच्या गल्लीच्या तोंडाशी न्याहारीचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर, दोन्हींना वायफायचं यंत्र एकच. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. त्यांचं सगळं करायला वार्सिनी नावाची इंडोनेशियाची बाई चार वर्षांपासून तिथेच राहते. सोमवारी दुकान बंद असतं. या सोमवारी दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी त्या घराच्या वायफायवरून जवळच्या शाळेला धमकीचा मेल गेला. तेव्हा घरात सासूबाई आणि वार्सिनी दोघीच होत्या.

बाहेरचा माणूस त्या वायफायवर येऊ शकतो का, असं मला मंगळवारी विचारण्यात आलं. मी नाही म्हणालो. गिऱ्हाइकांच्या वायफायला पासवर्ड आहे आणि दुपारी दोनला ते आपोआप बंद होतं, असंही छातीठोकपणे सांगितलं. त्यावरून संशय वार्सिनीवर गेला आणि तिला चौकशीला बोलावलं; तेव्हापासून ती घरी नाही. स्याओबाई करार मोडून शुक्रवारी तिला मायदेशी पाठवणार, हे मला काल समजलं.

खरं असं आहे. तीन वर्षांपूर्वी यंत्र बसवलं तेव्हा मी पासवर्ड लावला होता. महिन्याभरात स्याओबाईंनी बोलावलं. म्हणाल्या, "यू मिस्त्री, सकाळच्या गर्दीत जो तो पासवर्ड विचारतो. सांगेपर्यंत तव्यावरचं अंडं करपतं माझं. काढून टाका ते." मी काढला. बदल्यात दोननंतर बंद होईल अशी वेळ लावून देतो म्हणालो. तेवढ्यात दुसऱ्या कामाचा फोन आला आणि वेळ न लावताच मी निघालो. वायफायचं संरक्षण मी बंद ठेवलं.

यंत्राने गुणी पोरासारखं बिनतक्रार चालावं म्हणून आमच्या धंद्यात त्यावर खाऊचं पाकीट ठेवायची रीत आहे. पाकीट यंत्राच्या चालू दिव्यासारखं हिरवंच लागतं, मुदत संपलेलं चालत नाही, आणि ते ठेवल्यावर यंत्राला विनाकारण हात लावायचा नाही. गुणी पोराला कशाला डिवचायचं, असं आमचे उस्ताद म्हणत. मी दरवर्षी न चुकता जाऊन पाकीट बदललं. आतली सेटिंग एकदाही उघडून पाहिली नाही. खाऊच्या पुड्यावर भिस्त ठेवली, याची लाज वाटते.

काल संध्याकाळी पाच वाजता जाऊन यंत्रातली नोंद उघडली. सोमवारी दुपारी तीन वाजून पाच ते तीन वाजून वीस मिनिटांपर्यंत गिऱ्हाइकांच्या वायफायवर एक अनोळखी फोन दिसतो. वार्सिनीचा फोन दोन ते चार जोडलेलाच नव्हता. सासूबाई झोपल्या की ती तो बंद ठेवते.

स्याओबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "वीज गेली तर हे राहतं का?"

"नाही. पुसलं जातं."

त्यांचा हात बटणाकडे गेला. मी मनगट धरलं.

"डोकं ठिकाणावर आहे का, मिस्त्री? हे बाहेर पडलं तर तुम्हाला कोण काम देईल? आणि माझ्या दुकानात कोण येईल? ती काय, आज ना उद्या जाणारच होती."

मी म्हणालो, "वहिनी, दोन दिवस सासूबाईंना कोण भरवतंय?"

वरून म्हातारी वार्सिनीच्या नावाने हाका मारत होती. बाईंनी हात खाली घेतला. मी नोंद पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. मला रात्रभर झोप नव्हती. ती पेनड्राइव्ह सोबत जमा करत आहे.

हवालदार त्साय यांनी लिहिलेलं सर्व मला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात 'वायफायचं संरक्षण बंद राहून गेलं' असं एक वाक्य होतं. ते मी खोडायला लावलं आणि त्या जागी 'मी बंद ठेवलं' असं लिहून घेतलं. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.