अमेरिकेची माघार आन् आमची प्रतिक्षा

न्हाय न्हाय, बसा हो सर, खाटंवर बसा — उभ्या उभ्या कसं बोलायचं? ज्या माणसानं आमच्या घरावर एवढे उपकार केले त्याला दारात उभा ठेवला तर सणसरातली माणसं काय म्हणतील? आधीच लई म्हणत्यात, त्यात आनखी भर नको. — अगं सारजा, चहा टाक गं! बारामतीच्या कालेजचे आनंद सर आल्यात! व्हय, तेच. अमेरिकावाले.

तर काय म्हणलात — आमच्या प्रतिक्षाला पुण्याला न्यायची, मोठ्या स्पर्धेला? न्या की. हितं आता तिला काय काम ऱ्हायलंय? साखरपुडा व्हता, तो तुमच्या कृपेनं उरकला. — कुणाचा म्हंजे? तिचाच. आता असं बघू नका माझ्याकडं — तुमाला ठावं न्हाय? कालेजात बोलली न्हाय? बघा म्हंजे. माइक दिला की जपानापासनं अमेरिकेपर्यंत समदं बोलती, आन् स्वतःचं लगीन ठरलंय एवढं सांगायला तोंड न्हाय. बापावर गेली. तिचा बाप, माझा धाकटा भाऊ गेणू — तुमची स्कूटर दिसल्याबरुबर गोठ्यात गेला बघा. चार माणसांत बोलायचं म्हणलं की घाम फुटतो त्याला. म्हणून तर घरातलं समदं बोलणं माझ्याकडं. देवाणघेवाण, भांडणतंटा, सोयरीक — मानसिंग बोलणार आन् गेणू मान हलवणार. असं चाललं व्हतं झकास. मग तुमी आलात.

दिवाळी सरल्यावर सांगवीच्या तात्यांच्या पोराशी तिची सुपारी फुटली. म्या फोडली. घर बघा — बारमाही पाणी, दारात ट्रॅक्टर, पोरगं कारखान्यावर इंजिनियराच्या हाताखाली. आमी कोण? आमचा बाप मेंढरांमागं कोकणापातूर चालत जायाचा. आन् तात्यांनी आपल्या तोंडानं आमची पोरगी मागितली! माणूस हुरळून जातंय का न्हाय? — पोरीला इचारलं का? आता तुमी बी तेच! अहो सर, इचारायचं काय त्यात? बैल घेताना आपण बैलाला — न्हाय, ते ऱ्हाऊ द्या. ती उपमा एकदा घरात दिली व्हती, तवा दोन्ही बायांनी मला पानात नुसतं मीठ वाढलं.

आमच्या बापाचं सांगतो. कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा शब्द दिला की दिला. मग दुसरा कुणी दुप्पट धान्य देतो म्हणू द्या, पाऊस म्हणू द्या, वारं म्हणू द्या — ठरल्या दिवशी मेंढरं त्याच्याच रानात. त्या बापाचा मी पोरगा. माझ्या शब्दाला या शिवारात — व्हती, सर, किंमत व्हती.

आन् संक्रांत झाली, आन् तुमची ती वादविवाद स्पर्धा आली. पाहुणे कोण? तात्या! हार घालायचा म्हणलं की तात्यांची मान आधीच वाकलेली असती. मला म्हणले, चला मानसिंगराव, सुनेचं भाषण ऐकू. गेलो. पुढच्या खुर्चीवर बसलो. फळ्यावर काय लिव्हलंय — हवामान करारातून अमेरिकेनं माघार घ्यावी का. म्या म्हणलं, घ्या! हितं कालव्याच्या पाण्यावरनं डोकी फुटायची पाळी, आन् ही बारामतीत बसून अमेरिकेला सल्ला देणार. आन् अमेरिका काय, कान देऊन बसलीच आसंल!

पण खोटं कशाला बोलू, तुमचा तो मिहिर, चष्म्याचा, आधी बोलला न् मला पटलं. म्हणला, समदे देश जपानात बसले, ठरलं की ज्यानं त्यानं आपला धूर कमी करायचा, न्हायतर उन्हाळं वाढतील, पावसाचा भरवसा ऱ्हाणार न्हाय. आन् ज्याचा धूर समद्यात जास्त तोच उठून चालला तर बाकीचे कशाला बसतील? बरुबर हाय की! वरच्या अंगाचा बागायतदार म्हणला, मी पाळी मानत न्हाय, मनाला यील तवा कालव्याचं दार उघडीन — तर शेपटाकडच्यानं उसाला काय माती पाजायची? म्या मान हलवली. तात्यांनी हलवली. मग ही उठली. हिच्या चिठ्ठीत निघालेलं, माघार घ्यावी म्हणून. म्या मनात म्हणलं, मेली बिचारी, हिला काय बोलायला जागाच न्हाय.

आन् काय बोलली सर! पाठच झालंय मला, काय करू — दिवसरात्र तेच कानात. म्हणली, सही झाली असेल. पण सही करणारा ज्यांच्या वतीने गेला, त्यांना त्याने घरी विचारलं का? मान त्याला मिळाला, फोटो त्याचा निघाला, आणि पाळायचं मात्र ज्यांनी तो कागद पाहिलाही नाही त्यांनी. न विचारता दिलेला शब्द हा शब्द नसतो, हुकूम असतो. आधी विचारा, मग सही करा, आणि मग खुशाल पाळायला लावा. — टाळ्या! पहिली टाळी कुणाची? तात्यांची. दुसरी? — आता माणसाचा हात हाय, उचलला जातोय. ढाल देताना तात्या माइकवर काय म्हणले, तुमी शेजारीच व्हता की. म्हणले, पोरीचा मुद्दा लाख मोलाचा, न इचारता केलेली सही पाळू नये! आन् येताना जीपमदी मला कोपर मारून म्हणले, मानसिंगराव, सून न्हाय, वकील चाललाय माझ्या घरात. लई खूश. म्या बी खूश.

मग साखरपुडा. दारात मांडव, सांगवीची माणसं, बायका ओटी घेऊन बसलेल्या, पेढ्याची ताटं फिरत्यात. प्रतिक्षा भाईर आली. नटून न्हाय — कालेजला जाती त्या पंजाबी ड्रेसवर. तरी मला वाटलं, साडी आतनं आणत्याल. तिनं तात्यांच्या पायाला हात लावला आन् म्हणली, तात्या, एक इचारू का? ते म्हणले, इचार की पोरी. म्हणली, त्या दिवशी तुमी म्हणला, न इचारता केलेली सही पाळू नये. ते अमेरिकेपुरतंच व्हतं, का सणसरला बी लागू हाय?

सर, मांडवात पेढा चावायचा आवाज व्हता, तो बी थांबला.

माझा हात वर गेला. फेटा सावरायला — बरं, मारायलाच. खोटं बोलत न्हाय. आन् मागनं कुणीतरी मनगट धरलं. बघतो तर गेणू! ज्यानं जन्मात माझ्या म्होरं मान वर केली न्हाय, त्यानं माझा हात धरला, आन् चार माणसांत म्हणला — दादा, तिला म्या बी इचारलं नव्हतं. बास. एवढंच. पण सोडला न्हाय हात.

तात्यांचं तोंड एकदा लाल झालं, एकदा पांढरं. म्हणले, माझा पोरगा नको व्हय तुला? ही म्हणती, पोरगा वाईट न्हाय तात्या. मला शिकायचंय. कुणी इचारलं न्हाय म्हणून सांगायचं ऱ्हायलं. तात्या उठले, धोतर झटकलं, आपल्या माणसांना म्हणले — चला रं. माइकवरचा शब्द हाय माझा. आन् गेले की! भांडले असते, शिव्या दिल्या असत्या तर मला बी चार शिव्या देता आल्या असत्या. पेढे हितंच ऱ्हायले. ते गावानं खाल्ले, आन् तोंड पुसून आमालाच नावं ठेवली.

आता मला एक सांगा, तुमी शिकलेले. देश आन् पोरगी एकच व्हय का? अमेरिका उठून गेली तर तिचा धूर समद्या जगाच्या नाकात जातोय. त्यो मिहिर म्हणला तेच खरं, ते मी आज बी म्हणीन. पण ही उठून गेली, हिचा धूर कुणाच्या नाकात गेला? रोज इचार करतो. गेणूच्या न्हाय — तो हल्ली गोठ्यात गुणगुणतो. माझ्या बायकूच्या, सारजेच्या न्हाय. तात्यांच्या पोराला तर दुसरीकडं सांगून बी आलंय. मग? — माझ्या एकट्याच्याच की. म्हंजे एवढा सगळा करार माझ्या एकट्याच्या नाकासाठी व्हता, असं म्हणायचं का? न्हाय, तुमी बोलू नका. मी इचारतोय, पण तुमी बोलू नका.

काय? पुण्यात उलट बाजू निघालीय? करार पाळावा म्हणून बोलायचं? — हात्तिच्या! हितं आमचा मोडून गेली, आन् तितं जाऊन पाळायला सांगणार? ही विद्या हाय का तमाशा? ... माणसाला दोन्ही बाजू यायला पायजेत म्हणता. व्हय. बरुबर आसंल. आमाला आपली एकच आली, ती बी चिठ्ठी न काढता.

घ्या, चहा घ्या. — न्हाय, ही सारजा नव्हं, ही माझी थोरली लेक, बानू. जा गं आत. ... बोलली का बघा तुमच्याशी? ती तशीच. हिला कऱ्हाटीला दिली. व्हय, म्याच. साखरपुड्याला हाताखाली म्हणून आली व्हती. प्रतिक्षा बोलत व्हती तवा ही सैपाकघराच्या दारात उभी. माणसं गेल्यावर बघतो तर ही तितंच उभी, आन् हसतीय. सर, तिला तशी हसताना मी लग्नाआधी बघितली व्हती. मधी कवा बघितल्याचं आठवत न्हाय. तवापास्नं हितंच हाय. जायाचं नाव काढत न्हाय.

तरास? छ्या! माणसं चांगली हायत. आसत्याल. दरखेपंला येती न् म्हणती, बरं हाय आबा. बरं हाय म्हणल्यावर बापानं आनखी काय इचारायचं? — हाताचं? तुमी बघितलं व्हय. ते चुलीवर भाजलंय. मागल्या खेपंला बी चुलीवरच भाजलं व्हतं. त्याच्या मागल्या खेपंला बी. चूलच तसली आसंल त्यांची. ... हितं मात्र आलीया तवापास्नं रोज भाकरी थापती, एकदा बी भाजलं न्हाय.

जावई आज न्यायला येणार हायत. निरोप धाडलाय, तयार ठेवा म्हणून. तयार ठेवा! — आता कपात काय बघताय? माइक द्या म्हणलं तर कालेजात तासभर —

आली बघा जीप. उठा सर तुमी. न्हाय, पुण्याचं ठरलं, गेणू यील संगं, कुठली बाजू आसंल ती बोलू द्या तिला. — प्रतिक्षा! ए पोरी! दाराआड हायीस ते ठावं हाय मला. बानूला सांग, पिशवी भर म्हणावं — थांब. ... सांगू नगंस. इचार तिला. जायाचंय का, एवढंच इचार. आन् काय म्हणती ते मला हितं यिऊन सांग, मी दारात उभा हाय. — अगं बघतीस काय, इचार म्हणलं ना!

निघा सर. म्होरं जीप आडवी लागलीय, स्कूटर गोठ्यामागनं काढा. आन् जाता जाता गेणूला हाक मारा. म्हणावं, दादानं बोलावलंय.