दोन घरांच्या पागोळ्या

मृदंग जरा थांबवा, अण्णा! मंडळी, एक सांगा — माणूस भांडण जिंकला, आणि ज्याच्याशी भांडला तोच समोर उरला नाही, तर त्याला जिंकणं म्हणायचं का? ...नका बोलू. आधी केरबाचं ऐका!

डोंगराकडचं गाव. केरबाचं घर, शेजारी ज्ञानूचं, मधे बोळ. केवढा? आपल्या अण्णांना आडवं होऊन जावं लागेल एवढा! — हसा, अण्णा रागावत नाहीत. पाऊस लागला की दोघं आपापल्या ओट्यावर बसायचे, बोळावरून ओरडून बोलायचे. "ज्ञानू, वाढला रे!" — "वाढू दे दादा, चहा ठेवलाय!"

गावचा रिवाज असा — ज्याच्या कौलांची पागोळी जिथं पडते, तिथवर त्याची हद्द. झालं! केरबाच्या मनात कली शिरला. उन्हाळ्यात घर शाकारताना त्यानं कौलांची एक ओळ हळूच पुढं सरकवली.

"दादा, घराला मोठी टोपी शिवली काय?" ज्ञानू हसला. हसला — पण पुढच्या उन्हाळ्यात त्यानंही ओळ वाढवली! मग केरबानं आणखी दोन! अहो, बोळात आभाळ दिसेना! आता केरबाची पागोळी पडायची कुठं? थेट ज्ञानूच्या भिंतीवर. आणि भिंत मातीची!

ज्ञानूची बायको अनसूया पदर सावरत ओट्याशी आली. "दादा, भिंत फुगलीय. पावसापुरती तरी ओळ काढा."

"आधी ज्ञानूला म्हणू दे, बोळ दादाचा!"

ओळ काढायची तयारी होती हो केरबाची! ज्ञानूनं एकदा 'दादा, चुकलो' म्हणावं, एवढंच. किती घरं अशी वाट बघत बसलीत, मंडळी!

ज्ञानू आला नाही. भिंत आली — भर दुपारी, छपरासकट धाडकन बोळात! माणसं शेतावर होती म्हणून वाचली. केरबानं शिडी लावली, भिजत भिजत आपली वाढवलेली कौलं उतरवली. आता? आता!

ज्ञानूनं भांडीकुंडी गाडीत भरली, सासुरवाडीला निघाला. "दादा, बोळ ठेवा तुम्हाला. भांडायला जीव राहिला नाही."

पुढच्या पावसाळ्यात केरबा ओट्यावर बसला. एकाच घराच्या पागोळ्या वाजत होत्या. सवयीनं हाक गेली — "ज्ञानू, वाढला रे!"

बोळ सगळा त्याचा होता. हाक पलीकडं गेली, ती गेलीच.

मंडळी, आता घरी जाल. दारात क्षणभर थांबा, वर बघा. शेजाऱ्याची ओळ किती पुढं आलीय, ते नका मोजू. आपली एक मागं घ्या — पलीकडच्या ओट्यावर माणूस आहे, तोवर! उचला टाळ... विठ्ठल! विठ्ठल!