बाईचा पाय कोणी पाहिला नाई

जमलेल्या माय-बापहो, भाऊहो,

इतके लोक आले. बाई जित्ती होती तेव्हा तिच्या अंगणात इतके लोक कधी आले नाई. बोलणं कठीण आहे. पण गप्प बसणं त्याहून कठीण, म्हणून उभा झालो. मी सुमनबाईचा लहान भाऊ.

बाईच्या डाव्या गालावर जन्मापासून लाल डाग होता. डोळ्यापासून हनुवटीपर्यंत. त्याले तुम्ही काय काय म्हटलं? कोणी ग्रहण म्हटलं. कोणी महारोग म्हटलं. कमळामावशी, तुम्ही समोरच बसल्या आहात. तुमच्या पोरीच्या हळदीत बाईनं हात पुढं केला. तुम्ही म्हटलं, "तू राहू दे वं, नवरीच्या अंगाले लागन." बाई हात पदराले पुसत मागं सरली. त्या हाताले हळद लागलीच नव्हती.

मंग मी तिले ब्रह्मपुरीले नेलं, त्वचेच्या डॉक्टरीणबाईकडे. तिनं डागावर काचेची पट्टी दाबली. लाल रंग फिका पडला. काच उचलली, तर पुन्हा भरून आला. म्हणाली, "ही रक्ताच्या बारीक नळ्यांची जन्मखूण आहे. कोणाला लागत नाही. याने तुम्ही मरणार नाही." येताना जीपमध्ये बाई हसून राह्यली होती. गावात येऊन मी सगळ्यांले सांगतलं. तुम्ही ऐकलं. अन् तिले पाणी पुन्हा वरूनच वाढलं.

पुढं एका पावसाळ्यात, धानाच्या रोवण्यात तिच्या टाचेवर काळा ठिपका दिसला. तिले वाटलं, काटा मोडला. ठिपका पसरला, कडा वाकड्यातिकड्या झाल्या, मधून पाणी सुटलं. तरी पाय शेतात, बांदीतल्या चिखलातच. गावच्या डॉक्टरकडे गेली, म्हणाली, "पाय दुखते." त्यानं तोंडाकडं पाहिलं अन् मलम लिहून दिलं. गालाचं. तेच तिनं टाचेले लावलं.

जांघेत गाठ आली तेव्हा मी तिले चंद्रपूरले नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "गालावरचा डाग रक्तवाहिन्यांचा, तो निरुपद्रवी. टाचेवरचा रंगाच्या पेशींचा. तो कॅन्सर आहे आणि आता आत पसरला. इतके दिवस पाय कोणी पाहिला नाही का?"

बाई म्हणाली, "साहेब, मी कुठीबी गेली तरी माणसं गालावरच थांबतात."



शेवटी तिले चादरीचाही भार सोसत नव्हता. तेव्हा तुमच्यापैकी दोघी-तिघी आल्या. आत नाई आल्या. दारातूनच विचारलं, "गालावरचं वाढलं का?" बाईनं ऐकलं. भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर ती कोणाशी बोलली नाई. माझ्याशीही नाई.

अन् आज हा फोटो. स्टुडिओवाल्याले सांगून तुम्ही गाल साफ करून आणला. वर हार घातला. कोण आहे ही? मी हिले ओळखत नाई. फोटो मी पालथा ठेवून राह्यलो. कोणी उचलू नका.

घरी जाऊन एकमेकांच्या पायाचे तळवे पाहा, काळा ठिपका दिसते का, असं डॉक्टरांनी गावात सांगायले लावलं होतं. सांगतलं.

आता उभे राहा. डोळे मिटा, सगळ्यांनी. मावशी, तुम्हीपण. जरासा वेळ तरी माझ्या बहिणीकडं कोणी पाहू नका.