चाळीस पानं बाकी

पुस्तकांच्या दुकानात बिलाच्या रांगेत माझ्यापुढे एक काका होते. काउंटरवरच्या बाईंना ते विचारत होते.

“ताई, शनिवारपासून ही शाखा कायमची बंद म्हणे?”

“हो काका. आता सगळे ऑनलाइन मागवतात.”

“पण माझी चाळीस पानं राहिलीत! मी इथे उभ्याने रोज दोनच वाचतो.”

“माहितेय. कोणी विकत घेऊ नये म्हणून ते पुस्तक मीच पाककृतींच्या मागे लपवते.”

“मग आता?”

“घरी घेऊन जा.”

“घरी बायको बसायला लावते. बसलो की मला झोप लागते.”

“मग ऑनलाइन वाचा.”

“तिथे उभा कुठे राहू?”

“चार दिवस आहेत. रोज दहा वाचा.”

“दहा? माझी काय परीक्षा आहे?”

“बरं. हेड ऑफिसला कळवते, वीस दिवस शटर ओढता येणार नाही. आत वाचक आहे.”